काल मामा आला होता

काल मामा आला होता. या वाक्यात मराठी कानाला खटकावे असे काही नाही. मामा आला, चहा घेतला, आईशी चार गोष्टी बोलला आणि निघून गेला. आता तो घरात नाही. एवढे सगळे त्या एका 'होता'त आले. हेच वाक्य मुलाने इंग्रजीत 'माय अंकल हॅड कम यस्टरडे' असे उतरवले की त्याखाली लाल रेघ येते. 'केम' हवे होते. मुलगा चक्रावतो, आणि त्याचे चक्रावणे रास्त आहे. 'आला' म्हणजे 'केम', 'आला आहे' म्हणजे 'हॅज कम', 'आला होता' म्हणजे 'हॅड कम' असा तक्ता त्याच्याकडून पाठ करून घेतलेला असतो. बऱ्याच वर्गांत तो भिंतीवरही टांगलेला असतो. तक्त्याबरहुकूम लिहूनही गुण का गेले, हे मात्र तक्ता सांगत नाही.

ते सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. शालान्त परीक्षेत आणि स्पर्धा परीक्षांत भूतकाळावर जे प्रश्न येतात त्यांत योग्य क्रियापद कसे निवडायचे, एवढाच त्याचा विषय. भविष्यकाळाला यात हात लावलेला नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण कापला जातो. त्यांतले काळाचे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण अवघड शब्दाचा अर्थ येत नसला तर विद्यार्थी प्रश्न सोडून देतो; काळाचा प्रश्न तो सोडत नाही. वाचता वाचताच त्याला उत्तर सुचते. ते सुचते मराठीतून, आणि तिथेच घात होतो.

हा घात एकट्या मराठीचा नाही हे दाखवायला प्रस्तावनेत मला वाचकाला जरा लांब, तमिळनाडूत न्यायचे आहे. तंजावरहून दक्षिणेला पट्टुक्कोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने इथे छत्र उभारले. रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंना उतरायला जागा आणि दोन वेळचे जेवण, आजाऱ्यांना औषध, आणि मुलांसाठी शाळा, असा त्या छत्राचा संसार होता. शाळेत मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा भाषा शिकवल्या जात, आणि त्यांच्या पंक्तीला इंग्रजीही होती. मुंबईत एल्फिन्स्टन साहेबांची शिक्षणाची खटपट सुरू व्हायला अजून बरीच वर्षे होती. मराठी राजाच्या खर्चाने इंग्रजी शिकण्याची सोय आधी झाली ती पुण्या-मुंबईत नाही, कावेरीच्या मुलखात.

सरफोजींना इंग्रजीची ओढ लागली तिचीही एक कथा आहे. १७८७ साली तुळजाजी राजे वारले तेव्हा त्यांनी दत्तक घेतलेला हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्या जिवाला आणि हक्काला धोका होता, आणि त्याची पाठराखण केली ती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याने. पुढे मुलाला मद्रासला हलवले, तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तो शिकला. १७९८ त गादी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला व नेमणूक उरली. तलवारीला काम राहिले नाही, तेव्हा या भोसल्याने ग्रंथ, औषधे, दुर्बिणी आणि शाळा यांत जीव घातला. १८२६ साली बिशप हेबर त्याला भेटला तेव्हा लॅव्हॉझिये, लिनीअस, ब्यूफाँ या शास्त्रज्ञांची नावे सहज घेणारा आणि शेक्सपिअरवर मत देणारा राजा पाहून तो थक्क झाला होता.

श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला. त्याच्या थडग्याच्या दगडावर जी इंग्रजी कविता कोरली आहे ती सरफोजींची. कवितेच्या सुरुवातीचे क्रियापद भूतकाळी आहे, कारण ज्याला उद्देशून ती लिहिली तो गेलेला आहे. शेवटची क्रियापदे वर्तमानकाळी आहेत, कारण प्रार्थना करणारा मागे उरला आहे. बायबलाच्या वळणाची जुनी रूपे वापरूनही काळ कुठे चुकलेला नाही. परकी भाषा शिकणाऱ्याला याहून जास्त काय साधायचे असते?

आता मुद्द्याची गोष्ट. श्वार्ट्झ इंग्रज नव्हता. तो प्रशियातला, मायबोली जर्मन. गेरिकेही जर्मनच. जर्मन माणूस 'मी त्याला काल पाहिले आहे' अशा बांधणीचे वाक्य खुशाल बोलतो. त्याच्या भाषेत ते शुद्ध आहे. मराठीतही 'मी ते पत्र कालच टाकलं आहे' असे आपण दिवसातून दहादा म्हणतो. तमिळ माणूसही म्हणतो. म्हणजे शिकवणारा जर्मन, शिकणारा मराठी आणि आजूबाजूचा गाव तमिळ. तिघांच्याही भाषेत 'आहे' आणि 'काल' एका वाक्यात सुखाने नांदतात. नांदत नाहीत ते फक्त इंग्रजीत, आणि तिथेही नियम नेहमीच इतका कडक नव्हता. सतराव्या शतकातल्या रोजनिश्यांत आजच्या परीक्षकाने लाल रेघ ओढावी अशी वाक्ये सापडतात. नियम घट्ट झाला तो नंतर. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' या वाक्याला आपल्याकडे 'इंडियन इंग्लिश' म्हणून हसतात, तेव्हा मला तरी हसू येत नाही. जगातल्या पुष्कळ भाषा एकीकडे आणि इंग्रजी एकीकडे, अशी ही वाटणी आहे.

ओरत्तनाडूच्या बाजारात तमिळ बाई शेजारणीला सांगते, 'नेत्तु मामा वंदिरुंदार'. नेत्तु म्हणजे काल, मामा म्हणजे मामाच, आणि 'वंदिरुंदार' म्हणजे 'येऊन होते', आले होते. शब्दाला शब्द लावून पाहा: येणे या क्रियेचे रूप, त्याला 'असणे'चा भूतकाळ जोडलेला. बांधणी आपल्यासारखीच, आणि अर्थही आपलाच: आले आणि गेले. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड. पण या जागी दोघी सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. त्यामुळे तिथले तमिळ पोर आणि साताऱ्याचे मराठी पोर इंग्रजीच्या पेपरात एकाच खड्ड्यात पडतात. मास्तर दोघांना सांगतात, 'तुझे इंग्रजी कच्चे आहे.' माझे म्हणणे असे की त्यांची मायबोली पक्की आहे आणि ती तिथे आपले काम चोख करते आहे. चूक कुठून येते हे एकदा कळले की ती काढायला फार कष्ट पडत नाहीत.

मराठीतला 'आला होता' दोन कामे करतो. एक, घडून गेलेली आणि आता मिटलेली गोष्ट सांगतो: मामा आला होता, ताप आला होता, लहानपणी मी काशीला गेलो होतो. दोन, एका गेलेल्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगतो: मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती. इंग्रजीतले 'हॅड' यांतले फक्त दुसरे काम करते. पहिल्या कामाला तिथे साधा भूतकाळ पुरतो. एवढे ध्यानात आले की या पुस्तकातले निम्मे प्रश्न सुटले असे समजा. 'हॅड' लिहिण्याआधी स्वतःला विचारायचे: कशाच्या आधी? वाक्यात किंवा आधीच्या ओळीत त्या 'कशाच्या'चे उत्तर सापडले तर 'हॅड' लिहा. नुसतेच 'काल' सापडले तर 'हॅड' खोडा.

गोष्टीच्या उदाहरणाने हे जास्त स्पष्ट होईल. १८०६ साली तंजावरात इसापच्या गोष्टी मराठीत करून 'बाळबोध मुक्तावली' या नावाने छापल्या गेल्या. देवनागरीत छापलेल्या अगदी पहिल्यावहिल्या मराठी पुस्तकांतले हे एक. त्या गोष्टी आपण सगळे वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचत आलो. द्राक्षांची गोष्ट इंग्रजीत सांगून बघा. कोल्ह्याने द्राक्षे पाहिली, उडी मारली, पोहोचला नाही, पुन्हा उडी मारली, चालता झाला. सगळी क्रियापदे साध्या भूतकाळात. पहिली उडी दुसरीच्या आधीची म्हणून तिला कुणी 'हॅड' लावत नाही, कारण जसे घडले त्याच क्रमाने आपण सांगतो आहोत. आता कावळ्याची गोष्ट घ्या. कावळा फांदीवर बसला होता आणि चोचीत चीज होते, इथून सुरुवात केली आणि मग म्हणालो की ते चीज त्याने कुणाच्या तरी खिडकीतून पळवले होते. तर ते पळवणे आधीचे, पण सांगितले नंतर. इथे 'हॅड स्टोलन'. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम एकच असेल तोवर साधा भूतकाळ चालू द्या; सांगताना मागे वळलात की 'हॅड'. उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात तेव्हा हा एक नियम बाकीच्या दहा नियमांना भारी पडतो.

तरी एक प्रश्न जवळून पाहू या. पुस्तकात तो आहेच.

'व्हेन वुई रीच्ड ओरत्तनाडु, द पट्टुक्कोट्टई बस —.' पर्याय: लेफ्ट, हॅज लेफ्ट, हॅड लेफ्ट, वॉज लीव्हिंग.

घाईचा विद्यार्थी 'हॅड लेफ्ट'वर खूण करून पुढे जातो, कारण 'व्हेन' दिसले की 'हॅड' असे क्लासात सांगितलेले असते. थांबा. यातला ठार चुकीचा पर्याय एकच, 'हॅज लेफ्ट'. पोहोचणे भूतकाळात आणि सुटणे आजच्या खात्यात, हा संसार जमत नाही. उरलेले तिन्ही व्याकरणाने शुद्ध आहेत आणि तिघांचे अर्थ वेगळे. 'लेफ्ट' म्हटले तर आपण पोहोचलो आणि बस सुटली, कदाचित आपल्याच डोळ्यांदेखत. 'वॉज लीव्हिंग' म्हटले तर बस हलायला लागली होती, पळत जाऊन पकडता आली असती. 'हॅड लेफ्ट' म्हटले तर स्टँडवर धूळसुद्धा उरली नव्हती. मग ठरवायचे कसे? प्रश्न नीट काढलेला असेल तर पुढे आणखी काही शब्द असतात. 'सो वुई वेटेड ॲन अवर फॉर द नेक्स्ट वन' असे असेल तर 'हॅड लेफ्ट'. 'बट द कंडक्टर सॉ अस अँड स्टॉप्ड इट' असे असेल तर 'वॉज लीव्हिंग'. रिकाम्या जागेच्या आधीचे वाचून खूण करू नये, पूर्णविरामापर्यंत जावे. मुलांना हे सांगून सांगून मास्तरांचे घसे बसले आहेत; मी आणखी एकदा छापून ठेवतो.

'हॅज' आणि साधा भूतकाळ यांची निवड त्या मानाने सोपी, कारण तिथे काळाचा शब्द सहसा उघडाच बसलेला असतो. ओरत्तनाडूत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासूनचे. 'द कॉलेज — इन ट्वेंटी ट्वेल्व्ह' इथे 'स्टार्टेड', कारण ते साल संपले. 'सिन्स ट्वेंटी ट्वेल्व्ह इट — मेनी स्टुडंट्स' इथे 'हॅज ट्रेन्ड', कारण तेव्हापासूनची रेघ आजपर्यंत आलेली आहे. 'यस्टरडे', 'अगो', 'लास्ट वीक', किंवा 'सिन्स'शिवाय आलेले मागचे कुठलेही साल दिसले की 'हॅज' आणि 'हॅव' बाद. अमेरिकन माणूस 'डिड यू ईट येट?' विचारतो, तिथे आपला पेपर 'हॅव यू ईटन येट?' मागतो. आपल्या प्रश्नपत्रिका ब्रिटिश वळणाने चालतात. मालिका पाहून इंग्रजी सुधारलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या साध्या भूतकाळाचे खेळ याहून गमतीचे. बस अजून वळणावर असते आणि आपण ओरडतो, 'बस आली, चल!' आईने हाक मारली की जागचे न हलता उत्तर, 'आलो!' भूतकाळ वापरून आपण जवळचा भविष्यकाळ बोलतो. हे वाक्य इंग्रजीत 'आय केम' म्हणून कुणी लिहीत नाही, ती चूक ऐकताच कळते. कळत नाही ती 'तर'ची. 'तो आला तर मी जाईन' यातला 'आला' दिसायला भूतकाळी, अर्थाने उद्याचा. मुलगा लिहितो, 'इफ ही केम, आय विल गो', आणि त्याला वाटते आपण मुळाशी इमान राखले. इंग्रजीला तिथे 'कम्स' हवे. 'केम' लिहायचेच असेल तर पुढे 'वुड गो' हवे, आणि मग अर्थ पालटतो: तो येईल असे बोलणाऱ्याला फारसे वाटत नाही. 'आला असता तर गेलो असतो' हे आपल्याकडे जितके ठसठशीत, तितकेच तिकडे 'हॅड कम... वुड हॅव गॉन'. या तीन पायऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मला विचाराल तर पुस्तकातले सर्वांत उपयोगी प्रकरण तेच.

नकाराच्या जागी मात्र तमिळ पोर आपल्या पुढे असते. आपण 'गेला' चे 'गेला नाही' करतो. क्रियापद जसेच्या तसे, मागे 'नाही'. म्हणून 'डिड नॉट वेन्ट' हातून सुटते. तमिळात 'पोनान' म्हणजे गेला, आणि गेला नाही म्हणजे 'पोहविल्लै'. तिथे भूतकाळाचे रूप गळून पडते आणि मूळ क्रियेला नकार चिकटतो. 'डिड नॉट गो' या बांधणीशी त्याचे चांगले जुळते. तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुले दोन्ही भाषा बोलत वाढली. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्यांतलेच, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण, आणि त्यांच्या इंग्रजीचा दबदबा साहेबांतही होता. घरात दोन भाषा असल्या की तिसरीच्या खाचाखोचा दिसायला मदत होते, असे मला वाटते. पुराव्यादाखल मी एवढेच नाव देतो.

तक्त्यावर सुरुवातीला मी राग काढला, तो थोडा समजावून सांगितला पाहिजे. भाषांतराने इंग्रजी शिकवण्याची आपली परंपरा जुनी आहे; तर्खडकरांच्या पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. तिथे वाक्ये शेकड्यांनी करावी लागत, त्यामुळे नियमाचे कोपरे आपोआप घासले जात. नंतर वाक्ये गेली आणि नुसता तक्ता उरला. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, मुले 'वेन्ट' आणि 'एट' लवकर शिकू लागली. पण 'होता' आणि 'हॅड' यांचे नाते त्यांना कुणी उलगडून सांगितले नाही. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आजही क्लासच्या टेबलावर असते. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि पुढे 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून गाजला. त्या पुस्तकात नियम चोख आहेत. पण मराठी मुलगा कुठे अडखळेल हे सांगणे त्याचे काम नव्हते, आणि त्याने ते केलेही नाही.

तक्ते जगात कुठेच पक्के नसतात, हेही विद्यार्थ्याला ठाऊक असावे. १७९५ साली लिंडली मरे याचे इंग्रजी व्याकरण निघाले आणि पुढची कित्येक वर्षे तेच सर्वत्र चालले. म्हणजे ओरत्तनाडूची शाळा भरत होती तो हा काळ. त्यात काळ सहाच आहेत, आणि ज्याला आपण आज साधा भूतकाळ म्हणतो त्याचे नाव तिथे 'इम्परफेक्ट', म्हणजे अपूर्ण! नावे बदलली, संख्या सहाची बारा झाली; इंग्रज माणूस 'केम' जिथे म्हणत होता तिथेच म्हणत राहिला.

आता तक्रारीचा भाग. प्रश्न काढणारे सगळेच जपून काढतात असे नाही. 'द ट्रेन — बिफोर वुई रीच्ड द स्टेशन' या प्रश्नात 'लेफ्ट' आणि 'हॅड लेफ्ट' दोन्ही शुद्ध आहेत. आधी काय आणि मग काय हे 'बिफोर' या शब्दानेच सांगून टाकल्यावर 'हॅड' ऐच्छिक होते. तरी असे प्रश्न दोन्ही पर्याय देऊन विचारले जातात आणि एकच बरोबर धरला जातो, बहुतेक वेळा 'हॅड'. ज्याला इंग्रजी खरोखर येते त्याचा गुण जातो आणि ज्याने क्लासची युक्ती पाठ केली त्याला मिळतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. अशा प्रश्नावर हरकत घेताना काय लिहावे याचा एक छोटा नमुना परिशिष्टात दिला आहे. मुद्दा दोन ओळींत मांडावा, एखाद्या मान्य व्याकरणाचा आधार द्यावा, आणि परीक्षकाला इंग्रजी शिकवण्याचा मोह आवरावा.

सरावाचे प्रश्न तीन गटांत आहेत. पहिल्या गटात वाक्य एकच, काळाचा शब्द उघड. दुसऱ्यात तो शब्द लपलेला किंवा पुढच्या वाक्यात गेलेला. तिसऱ्यात उतारे, आणि चूक शोधण्याचे प्रश्न, ज्यांत 'नो एरर' हाही पर्याय असतो आणि तोच निवडायचा धीर फार थोड्यांना होतो. घाई असलेल्याने पहिला गट सोडावा. दुसरा कुणीही सोडू नये. उत्तरे शेवटी आहेत. जिथे व्याकरणाने दोन पर्याय बरोबर ठरतात तिथे दोन्ही छापले आहेत, आणि उत्तरतालिकेत त्यांतला कोणता येण्याचा संभव जास्त, तो ठळक केला आहे.